जास्वंदीवरचा पांढरा कापूस: कुंडीतल्या किडींचा बंदोबस्त

बाल्कनीत किंवा गच्चीवर जास्वंद असेल, तर ही कीड आपण कधी ना कधी पाहिलेली असणार. कोवळा शेंडा आकसतो, कळ्या उमलण्याआधीच गळतात, पानांना हात लावला की चिकट लागतं आणि देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस अडकल्यासारखा दिसतो. हा पिठ्या ढेकूण. दुकानातून औषध आणलं, एकदा फवारलं, चार दिवस झाड स्वच्छ राहिलं आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच, ही तक्रार घरोघरी ऐकू येते.

बहुतेक वेळा दोष औषधाचा नसतो. झाडावर किडीची अंडी, पिल्लं आणि प्रौढ एकाच वेळी नांदत असतात. एका फवारणीत उघड्यावरची पिल्लं मरतात, पण कापसाच्या आत दडलेली अंडी तशीच राहतात आणि आठवडाभरात फुटतात. त्यामुळे आपलं लक्ष किडीचं चक्र तोडण्यावर हवं. त्यासाठी साधीच कामं करायची, पण ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या अंतराने. जास्वंद उदाहरणाला घेऊन आपण तो क्रम पाहू. गुलाब, मिरची, शेवंती, कढीपत्ता यांनाही तो लागू पडतो.

पायरी 1: पान उलटून पाहा

आठवड्यातून दोनदा, सकाळी पाणी घालताना, प्रत्येक झाडाला मिनिटभर द्या. वरून झाड हिरवंगार दिसलं म्हणून पुढे जाऊ नका. रस शोषणाऱ्या किडी पानाच्या खालच्या बाजूला, शेंड्यात, कळीच्या देठाशी आणि फांदीच्या बेचक्यात बसतात. डोळ्यांना बारीक दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून पाहा.

एक सोपी चाचणी आहे. फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदीला दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर पडलेले ठिपके क्षणभराने चालू लागले, तर ती धूळ नाही. बोटाने पुसल्यावर तांबूस रेघ उमटली, तर तो बहुधा लाल कोळी.

कीड दिसण्याआधी तिच्या तीन खुणा दिसतात. पानावर चिकटपणा येतो, त्या चिकटपणावर काजळीसारखी काळी बुरशी चढते आणि कुंडीवरून मुंग्यांची ये-जा सुरू होते. यातली एक जरी खूण दिसली, तरी वरच्या फांद्यांची पानं उलटून पाहा. चिकट स्राव वरून खाली ठिबकतो, म्हणून कीड बऱ्याचदा चिकट पानाच्या वरच्या फांदीवर असते.

पायरी 2: कोण आहे ते ओळखा

पिठ्या ढेकूण जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा, अंगावर पांढऱ्या मेणाची भुकटी असलेला. अनेक जातींत मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. अंड्यातून निघालेली पिल्लं पिवळसर, मेण नसलेली आणि चालती असतात. ती वाऱ्यावर, मुंग्यांबरोबर, अगदी आपल्या कपड्यांवरूनही शेजारच्या कुंडीत पोचतात. उपायांचा मारा त्यांच्यावरच सर्वांत चांगला लागतो.

मावा हिरवा, काळा किंवा पिवळा असतो आणि कोवळ्या शेंड्यांवर दाटीने बसतो. शेवंती, गुलाब आणि वाल ही त्याची आवडती झाडं. आपल्याकडच्या उबदार हवेत माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं घालते आणि ती पिल्लं साधारण आठवड्यात पिल्लं घालण्याजोगी होतात. आज दहा दिसले, तर पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका.

झाड हलवल्यावर पांढरे बारीक कीटक भुर्रकन उडाले आणि पुन्हा बसले, तर ती पांढरी माशी. तिची पिल्लं उडत नाहीत. पानाच्या खाली चपट्या खवल्यांसारखी चिकटून रस शोषत राहतात.

फुलकिडे लांबट आणि दोऱ्याच्या तुकड्याएवढे बारीक असतात. ते पान खरवडून रस पितात, त्यामुळे पानावर चंदेरी चट्टे उमटतात आणि गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा करपतात.

लाल कोळी हा कीटकच नाही. त्याला आठ पाय असतात. उन्हाळ्यात गुलाबाच्या आणि मोगऱ्याच्या पानांवर फिकट ठिपक्यांची नक्षी उठते आणि पुढे बारीक जाळी दिसते, ती त्याची.

खवले कीड फांदीवर तपकिरी गाठीसारखी घट्ट बसते. नखाने टोकरली की निघते. खरी गाठ असेल तर निघत नाही.

मिरचीची पानं आकसली की त्याला आपण चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतो, पण त्याची कारणं वेगवेगळी असतात. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा. खाली वळल्या असतील तर कोळ्याचा. पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असेल, तर झाड खुजं राहतं, पानं बारीक होतात, आणि त्याला औषध नाही. ते रोप काढून टाकणंच शहाणपणाचं.

इथे होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे कीड नसताना फवारणी. जास्त पाण्यानेही पानं पिवळी पडतात. कुंडीच्या मातीवर बारीक चिलटं घोंघावत असतील, तर माती सतत ओली आहे असा त्याचा अर्थ. वरचा इंचभर थर सुकू द्यावा, मगच पाणी घालावं. पानं उलटून, कागदावर झटकूनही काही सापडलं नाही, तर पंप हातात घेऊ नका.

पायरी 3: कुंडी बाजूला काढा

कीड सापडली की ती कुंडी इतरांपासून दोन-तीन फूट लांब ठेवा. पानाला पान लागत असेल तर किडीला रस्ता आयताच मिळतो. बाल्कनी लहान असेल तर निदान फांद्या एकमेकींना टेकणार नाहीत एवढं पाहा. बाजूच्या कुंड्याही त्याच दिवशी तपासा.

नर्सरीतून आणलेलं नवं झाड दोन आठवडे वेगळं ठेवण्याची सवय लावून घ्यावी. बऱ्याच घरांत पिठ्या ढेकूण येतो तो या वाटेने.

पायरी 4: कात्री आणि पाणी

फार भरलेले शेंडे कापून टाका. कापलेला भाग कुंडीत, बाल्कनीच्या कोपऱ्यात किंवा कंपोस्टच्या डब्यात टाकू नका, त्यातली अंडी तिथेही फुटतात. पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि कचऱ्यात द्या. कात्री स्पिरिटने पुसा.

मग पाण्याचा मारा. एका हाताने फांदीला आधार द्यायचा आणि दुसऱ्या हातातली पाइप खालून वर धरून पानांच्या खालच्या बाजू धुवायच्या. मावा आणि लाल कोळी यांचा अर्धा निकाल इथेच लागतो. खाली पडलेला मावा सहसा परत चढू शकत नाही, आणि कोरड्या उष्ण हवेत फोफावणाऱ्या कोळ्याला ओलावा सोसत नाही. कुंडीची माती वाहून जाऊ नये म्हणून तिच्यावर आधी फडकं किंवा प्लॅस्टिक झाका.

पिठ्या ढेकणाला मेणाचं कवच असल्याने नुसतं पाणी पुरत नाही. इअरबड सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेका ढेकणावर टेकवा. मेण विरघळतं आणि पांढरा ढेकूण पाहता पाहता तांबूस होतो. त्याचं कवच गेल्याची ही खूण. एका झाडावर वीस-पंचवीस ढेकूण असतील तर या कामाला पंधरा मिनिटं पुरतात. बेचक्यातली कापसाची पिशवी जुन्या टूथब्रशने खरवडून काढा, कारण पुढची पिढी तिच्यातच आहे.

पायरी 5: मुंग्यांची वाट बंद करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि म्हणून कीड परत येते. मुंग्या झाड खात नाहीत. मावा, ढेकूण आणि खवले कीड यांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकट स्राव त्यांना हवा असतो. त्याच्या बदल्यात त्या किडीची राखण करतात, किडीला खाणाऱ्या कीटकांना हाकलून लावतात आणि पिल्लं उचलून नव्या फांदीवरही नेतात.

झाडाची फांदी भिंतीला, जाळीला किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकत असेल तर ती छाटा. कुंडी स्टँडवर असेल तर स्टँडच्या पायांना पेट्रोलियम जेलीचा दोन बोटं रुंद पट्टा लावा. धूळ बसली की तो पुसून नवा लावा. जेली झाडाच्या खोडाला थेट लावू नका, लावायचीच असेल तर आधी खोडाभोवती कागदी टेप गुंडाळा.

स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवण्याची जुनी युक्तीही चालते. पण ते पाणी आठवड्यातून एकदा ओतून वाटी घासलीच पाहिजे. डेंगी पसरवणारा एडीस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि त्याच्या अंड्याचा डास व्हायला जेमतेम आठ-दहा दिवस लागतात. कुंडीखालच्या बशीलाही हाच नियम.

पायरी 6: साबणाचं पाणी

एक लिटर पाण्यात भांडी घासायचा सौम्य द्रव साबण 5 मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा. कपड्याची पावडर वापरू नका, तिच्यातला सोडा पानं भाजतो. साबण किडीच्या अंगावरचं संरक्षक आवरण मोडतो. तो किडीच्या अंगावर ओला पडला तरच काम करतो, वाळल्यावर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून पानाची खालची बाजू आणि बेचके निथळेपर्यंत भिजवा.

बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर साबणाला फेस येत नाही, पांढरा साका धरतो आणि औषधाचा जोर जातो. अशा वेळी गाळलेलं पिण्याचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या.

कोणतंही मिश्रण आधी दोन-तीन पानांवर फवारून एक दिवस थांबा. पानांवर डाग पडले नाहीत तरच पुढे जा. फवारल्यावर तास-दोन तासांनी झाड साध्या पाण्याने धुवा.

पायरी 7: कडुनिंब

कडुनिंबाच्या बियांत अझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य असतं. ते पोटात गेलं की कीड खाणं सोडते आणि तिला कात टाकता येत नाही, त्यामुळे पिल्लू पुढच्या अवस्थेत जात नाही. भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान यांनी 1962 साली दिल्लीत दाखवून दिलं होतं की निंबोळीचं पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. हा गुण लक्षात ठेवला तर आपली अपेक्षाही योग्य राहते. कडुनिंब मारल्यावर दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली, म्हणजे औषध वाया गेलं असं नाही. परिणाम दिसायला चार-पाच दिवस लागतात.

तेल वापरायचं तर एक लिटर कोमट पाण्यात आधी साबणाचे वीस-तीस थेंब घालून ढवळा, मग कडुनिंबाचं तेल 5 मिलिलिटर घाला आणि पाणी दुधी होईपर्यंत हलवा. साबणाऐवजी रिठ्याचं पाणीही चालतं. तेल पाण्यावर तरंगत राहिलं तर सुरुवातीला नुसतं पाणी फवारलं जातं आणि शेवटच्या झाडावर सगळं तेल बसून पानं करपतात. म्हणून फवारतानाही बाटली अधूनमधून हलवत राहा.

निंबोळ्या मिळत असतील तर घरचा पाच टक्के अर्क करता येतो. पावसाळ्याच्या तोंडाशी पडलेल्या पिकल्या निंबोळ्यांचा गर काढून बिया सावलीत वाळवा. पन्नास ग्रॅम बियांची भरड फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पिळून गाळा, थोडा साबण घाला आणि त्याच दिवशी वापरा.

तयार बाटलीवर 1500 किंवा 10000 पीपीएम असं लिहिलेलं असतं. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग अझाडिरॅक्टिन आहे ते. आकडा जितका मोठा तितकं औषध तीव्र आणि मात्रा कमी. शेजारच्या घरची मात्रा आपल्या बाटलीला लागू होईलच असं नाही, लेबल वाचूनच घ्या.

फवारणी ऊन उतरल्यावर करा. अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं, भर उन्हात तेल पानं भाजतं, आणि दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. झाड तहानलेलं असेल तर सकाळी पाणी द्या आणि संध्याकाळी फवारा. पावसाची चिन्हं असतील तर थांबा.

पायरी 8: पुन्हा, आणि पुन्हा

आता मूळ मुद्दा. पहिल्या दिवशी धुणं, टिपणं आणि संध्याकाळी फवारणी. सहाव्या-सातव्या दिवशी दुसरी, बाराव्या-तेराव्या दिवशी तिसरी. गरज पडली तर आणखी एक. पहिल्या फवारणीतून वाचलेली अंडी मधल्या काळात फुटतात. ती पिल्लं अंगावर मेण चढण्याआधी आणि अंडी घालायच्या वयाला येण्याआधी आपण गाठली पाहिजेत.

दुसऱ्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसतं आणि तिसरी राहून जाते. सगळी मेहनत फुकट जाते ती इथे. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. उलट रोज फवारण्याचाही मोह नको. तेलाचा थर साचला की पानांचा श्वास कोंडतो.

पिवळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या जरा वर टांगले की पांढरी माशी आणि पंखवाला मावा त्यांवर चिकटतो, निळ्या सापळ्यांवर फुलकिडे. त्यांचा खरा उपयोग कीड वाढते आहे की घटते आहे हे कळण्यासाठी. पानाखालची पिल्लं सापळ्यावर येत नाहीत.

पावसाळी दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीवर वाढणारी बुरशी चांगलं काम करते. ती भुकटीच्या रूपात मिळते. लेबलवरच्या मात्रेने संध्याकाळी फवारावी, आणि तिच्याबरोबर बुरशीनाशक कधीही मिसळू नये.

पायरी 9: आपल्या बाजूचे कीटक ओळखा

माव्यावर ताव मारणारा लाल, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो. त्याची अळी मात्र काळपट, लांबोडी आणि काटेरी दिसते, आणि कीड समजून चिरडली जाते. खरं तर माव्याचा फडशा तीही पाडते.

याहून मोठी फसगत पिठ्या ढेकणाच्या बाबतीत होते. क्रिप्टोलीमस नावाचा एक ढालकिडा ढेकणांवरच जगतो. तो मूळचा ऑस्ट्रेलियातला, भारतात 1898 मध्ये आणला गेला. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाच्या लांब झालरी मिरवते आणि हुबेहूब ढेकणासारखी दिसते. ओळखायची खूण अशी: ती ढेकणापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठी असते आणि डिवचली की चटचट पळते. ढेकूण जागेवर बसून राहतो. झाडावर अशा अळ्या दिसल्या तर फवारणी थांबवा आणि त्यांना काम करू द्या.

हे कीटक किती कामाचे, याचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. 2008 मध्ये तमिळनाडूत कोइमतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण सापडला आणि झपाट्याने इतर राज्यांत पसरला. जास्वंदही त्याच्या खाद्यात आहे. रासायनिक फवारण्यांना तो दाद देईना. 2010 मध्ये पोर्टो रिकोतून त्याच्यावर जगणारी इवली गांधीलमाशी आणून सोडली गेली, आणि तिने तो आटोक्यात आणला.

पायरी 10: रासायनिक औषध, अगदी शेवटी

तुळस, पुदिना, कढीपत्ता, मिरची, टोमॅटो यांवर घरच्या घरी रासायनिक कीटकनाशक मारू नका. झाडाच्या रसात भिनणारी औषधं पानं धुऊन जात नाहीत, आणि फुलांतून ती मधमाश्यांपर्यंत पोचतात.

शोभेच्या झाडासाठी घ्यायचंच ठरलं तर डब्यावरचा चौकोन पाहा. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. लाल आणि पिवळा घरात नकोच. शेतातून उरलेलं, लेबल नसलेलं, सुट्या बाटलीतलं औषध कुणी दिलं तरी घेऊ नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते मोकळ्या शिवारात. बंद बाल्कनीत, लहान मुलं आणि वृद्ध शेजारी असताना धोका कमी नाही.

लाल कोळ्यावर साधी कीटकनाशकं बऱ्याचदा उलटतात. ती कोळ्याला खाणाऱ्या जिवांना मारतात आणि कोळी आणखी फोफावतो. त्याच्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, मात्र कडक उन्हाळ्यात नाही, आणि तेल फवारल्यावर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. नाहीतर पानं जळतात.

पुन्हा येऊ नये म्हणून

युरियासारख्या नत्राच्या खताने झाड लुसलुशीत वाढतं आणि मावा तिकडेच धावतो. खत थोडं आणि विभागून द्या. महिन्यातून एकदा मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळा. कुंड्यांमध्ये हवा खेळू द्या.

सगळं करूनही ढेकूण परत येत असेल, तर झाड कुंडीतून अलगद काढून पाहा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीला पांढरी भुकटी दिसली, तर मुळांवरचा ढेकूण आहे. मुळं धुवा, जुनी माती टाकून द्या, कुंडी साबणाने घासून उन्हात ठेवा आणि नव्या मातीत झाड लावा.

ऋतूप्रमाणे नजरही बदला. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत लाल कोळी, फुलकिडे आणि ढेकूण शोधा, ढगाळ थंडीत मावा. तिसऱ्या फवारणीनंतर सलग दोन आठवडे पानांखाली काही सापडलं नाही, की जास्वंद पुन्हा तिच्या जागी ठेवा. आठवड्यातून दोनदा पान उलटून पाहणं मात्र चालू राहू द्या. कीड दहा-वीसच्या संख्येत सापडली, तर तिच्यासाठी पाण्याची पाइप आणि एक इअरबड पुरेसा असतो.